जळगाव अरबी समुद्रात

११ जानेवारी ९४

पत्रिकेच्या प्रोग्रॅमात गावांच्या यादीत वर्धा टाकायला घेतलं आणि सी भाषेनं पुन्हा तोंड वाकडं केलं. रेखांश ०७८ लिहिला तर लाल पट्टी. 'ऑक्टल' का काहीतरी चुकलंय म्हणते. डिक्शनरीत हा शब्दच नाही. मागे नागपूरच्या ०७९ लाही असंच केलं होतं. पुढचं शून्य खोडून नुसतं ७८ ठेवलं की गप्प. आणि जळगाव ०७५, धुळे ०७४, मुंबई ०७२ हे सगळं बिनतक्रार गिळते. आठ-नऊशीच हिचं काय वाकडं आहे कोण जाणे. माझा ह्या भाषेवर काडीचा विश्वास नाही.

शून्यं लावायचं कारण प्रकाशभाऊ. दुकान त्यांचं, झेरॉक्स, एसटीडी आणि कोपऱ्यात मी नि माझी कॉम्प्युटर पत्रिका. "वंदना, गावांच्या यादीत सिंगापूर, टोकियो पण घाल. गिऱ्हाइकावर छाप पडते." टोकियोचा रेखांश तीन आकडी, आपले दोन आकडी, तक्ता वाकडा दिसायला लागला. टायपिंगच्या परीक्षेत रकाना सरळ नसला की मार्क कापायचे, ते हाडात मुरलंय. म्हणून आपल्या गावांना पुढे शून्य. टोकियोत जन्मलेलं एकही माणूस अजून जळगावच्या स्टेशन रोडवर आलेलं नाही.

१३ जानेवारी

राग लिहून काढते, नाहीतर प्रिंटरवर निघेल.

एक भागिले दोन किती? सी म्हणते शून्य. पूर्णांक आहेत ना, मग उरलेलं फेकून दिलं. कुणाला विचारून? मागच्या वर्षी लंडनच्या नि आपल्या घड्याळातला साडेपाच तासांचा फरक हिनं असाच पाच करून टाकला होता. आकडा बत्तीस हजारांच्या पुढे गेला की एकदम उणे होतो. दहा घरांच्या रांगेत अकरावं घर मागितलं तरी देते, आत कुणाचा कचरा आहे ते बघत नाही.

सगळ्यात चीड कशाची, तर ही बया बोलत नाही. चुकलं तर चुकलं म्हण ना! गुमान चुकीचं उत्तर देते, तेही दशांशाच्या चार घरांपर्यंत.

१७ जानेवारी

हातानं पत्रिका करणारे गुरुजी आले. तिळगुळाच्या निमित्तानं आले म्हणे, पण जाताना तीन पत्रिका काढून नेल्या. प्रकाशभाऊंशी आत कुजबुज. हे आपल्या धंद्यावर उठलेले, मग आपल्याकडे कशाला येतात? कुठंतरी पाणी मुरतंय.

२४ जानेवारी

मला बघायला धुळ्याची माणसं आली. अनिल, त्याची आई, मामा. आईनं भरीत, कळण्याची भाकरी केली होती. अनिल धुळ्याला टेक्निकल शाळेत शिकवतो. काय शिकवतो? सी! मी म्हटलं, "ती तुम्हाला खोटं बोलत नाही का?" तर एवढा हसला, की भाकरीचा ठसका लागला. म्हणाला, "रोज बोलते. पोरांसमोर बोलते ते जास्त लागतं."

त्याची आई, तिला सगळे अक्का म्हणतात, बोलायला मोकळी. "पोर हुशार शे. माले पसंत शे."

आवडला. लिहून टाकलं, झालं.

२७ जानेवारी

अक्कांचा निरोप: पत्रिका पाठवा, पण कॉम्प्युटरची. "आमना अनिलनी पन तुम्हनाच दुकाननी शे." गेल्या वर्षी नातेवाइकांनी काढून नेली होती म्हणे. मी स्वतःची कधी काढलीच नव्हती. जन्म जामनेरचा, आईचं माहेर. रात्री साडेबाराची वेळ. यादीत जामनेर नाही, जवळचं म्हणून जळगाव टाकलं.

सिंह लग्न. सप्तमात मंगळ.

मला कडक मंगळ आहे. माझ्याच मशीननं, माझ्याच हातात दिला. प्रिंटर खरखरत होता तोवर मी त्या घराकडे नुसती बघत बसले.

२८ जानेवारी

आईला सांगितलं. ती म्हणाली, "वेड लागलंय का तुला? तुला मंगळ कुठला?" ट्रंकेतून माझी जुनी पत्रिका काढली, जामनेरच्या जोशीकाकांनी बारशाला केलेली. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिच्यात कन्या लग्न. मंगळ सहाव्यात. म्हणजे मंगळ नाहीच!

रास तीच, नक्षत्र तेच. फक्त मशीनच्या पत्रिकेत लग्न एक घर मागे.

"मग ही जुनीच पाठवू," आई म्हणाली. पाठवली. प्रकाशभाऊ म्हणाले, हाताची पत्रिका पाठवली म्हणजे काहीतरी लपवताहेत असं वाटेल. वाटलं तर वाटू दे.

५ फेब्रुवारी

अक्कांचा फोन दुकानावरच आला. गिऱ्हाईक होतं, मी कानाला लावून उभी. "बठ्ठं जुळस वं पोरी. पन ती हातनी पत्रिका कसाले धाडी? कॉम्प्युटरनी धाड." सगळं जुळतंय, पण कॉम्प्युटरची हवी. मी म्हटलं, उद्या पाठवते. खोटं बोलता आलं नाही आणि खरंही.

पाठवली. आता काय व्हायचं ते होवो.

१२ फेब्रुवारी

नाही म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. बघू म्हणजे नाहीच. अनिलचा फोन नाही.

मला पत्रिका खरी वाटते का? स्वतःलाच विचारते नि दुसऱ्या कामाला लागते. पण 'मंगळाची' म्हटलं की मशीनवर पुन्हा माझी काढून बघते, नि तीच निघते.

१५ फेब्रुवारी

गुरुजींना म्हटलं, तुम्ही हातानं करून बघा माझी, जामनेर, साडेबारा. दुपारी आणून दिली. लाल शाईत, सुंदर अक्षरात. सिंह लग्न. सप्तमात मंगळ.

म्हणजे जोशीकाका चुकले. मी मशीनवर डोकं टेकून बसले.

मग बघते तर ग्रहांचे अंश चार दशांशांपर्यंत. हातानं चार दशांश? "गुरुजी, हे तुम्ही केलं?" तर म्हणतात, "बाई, आता डोळे कुठं साथ देतात. सकाळी तू जेवायला गेली होतीस, प्रकाशनं काढून दिली, मी उतरवली."

म्हणजे गेलं वर्षभर गुरुजी इथून छापील नेतात नि लाल शाईत उतरवून हाताची म्हणून देतात. आणि लोक आमची पत्रिका घेऊन त्यांच्याकडे पडताळायला जातात. ते म्हणतात, अगदी बरोबर. बरोबर असणारच! हसावं की रडावं कळेना. शेवटी हसले, प्रकाशभाऊ बघत होते म्हणून.

१८ फेब्रुवारी

पाल चुकचुकतेय ती थांबत नाही. आमच्या आळीतल्या जुन्या, कॉम्प्युटरच्या आधीच्या पत्रिका मागून आणल्या. प्रत्येकाची मशीनवर पुन्हा काढली. शेजारच्या नानांची, लग्न एक घर मागे. आईची, जुळली. तिच्या भावाची, मागे. शिंपीकाकूंची, मागे. काही जुळतात, काही नाही. जुळत नाहीत त्या सगळ्या मागेच. पुढे एकही नाही.

नुसती चूक असती तर दोन्हीकडे झाली असती. ही एकाच बाजूला ओढते. हे कुणीतरी केलेलं आहे.

१९ फेब्रुवारी

वहिनी. म्हणजे प्रकाशभाऊंची बायको. नागपूरच्या. प्रोग्रॅम पहिल्यांदा तपासला तो त्यांच्याच पत्रिकेवर, काट्यावर काटा जुळली होती, त्यावरच दुकान उघडलं. आज त्यांच्या माहेरच्या चार पत्रिका काढल्या. चारही जुळल्या! नागपूरवाले तेवढे बरोबर नि आम्ही सगळे डगमग. वा.

आणि वहिनींची धाकटी बहीण लग्नाची आहे. आणि धुळ्याची माणसं आली त्या आठवड्यात वहिनी दुकानात बसायला येत होत्या, "मला पण शिकव ना कॉम्प्युटर" म्हणत. आणि अनिलचं स्थळ कुणी आणलं होतं? त्यांनीच. पण आधी कुणासाठी बघितलं होतं, ते कुणी विचारलंय?

२१ फेब्रुवारी

फायलीची तारीख बघितली. प्रोग्रॅमला शेवटचा हात लागलाय तो माझा, वर्ध्याच्या दिवशी, ११ जानेवारीला. वहिनींनी नुसता पत्त्यांचा खेळ लावला होता. त्यांनी आज दुकानात शेव आणली माझ्यासाठी, "तोंड असं का उतरलंय गं?" म्हणत. मी शेव खाल्ली. वाईट वाटलं. पण पूर्ण संशय गेला असं म्हणणार नाही.

२३ फेब्रुवारी

सापडलं.

सगळ्या पायऱ्या एकेक करून छापायला लावल्या. जन्मवेळ, बरोबर. लंडनची वेळ, बरोबर. अक्षांश, बरोबर. मग रेखांश. मी लिहिलंय ०७५. पडद्यावर आलं ६१.

पुन्हा चालवलं. ६१.

धुळे ०७४. पडद्यावर ६०. मुंबई ०७२, ५८. नागपूर ७९, ७९. वर्धा ७८, ७८.

पुस्तकात, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात: आकड्यापुढे शून्य दिलं तर तो आकडा आठाच्या हिशेबानं वाचला जाईल. म्हणजे ७५ म्हणजे सात दहे नि पाच नाही. सात आठे नि पाच. आठ साते छप्पन्न, नि पाच, एकसष्ट. आणि आठाच्या हिशेबात आठ नि नऊ हे आकडेच नसतात, म्हणून ०७८, ०७९ ला अडते. अडली तिथं मी शून्य खोडलं, म्हणून नागपूर वाचलं. जिथं बोंबलायला हवं होतं तिथं ही गप्प.

अरे, शून्य पुढे लावलं तर त्याचा अर्थ बदलतो हे कुठल्या शाळेत शिकवतात? गावातलं पोर सांगेल, पुढच्या शून्याला किंमत नसते! ज्यानं ही भाषा केली त्यानं कधी रकाना सरळ लावला नसेल. त्याला कुणी मार्क कापले नसतील. एक साधं वाक्य, "बाई, तुम्हाला खरंच आठाच्या हिशेबात म्हणायचंय का?" एवढं विचारलं असतं तर तिचं काय गेलं असतं?

भावाचा शाळेचा नकाशा काढला. एकवीस अक्षांश, एकसष्ट रेखांश. निळं. अरबी समुद्र, अरबस्तानाच्या किनाऱ्याला लागून. सगळा खानदेश मी पाण्यात नेऊन जन्माला घातला. तिथं सूर्य तासभर उशिरा उगवतो, म्हणून लग्न मागे पडतं. ज्यांचा जन्म लग्नाच्या सुरुवातीला झाला ते घर चुकले, जे शेवटी जन्मले ते वाचले. आई वाचली. मी नाही.

२४ फेब्रुवारी

शून्यं काढली. एका बैठकीत, सगळी. रकाना वाकडा झाला. होऊ दे.

माझी काढली. कन्या लग्न. मंगळ सहाव्यात. जोशीकाकांसारखीच, अगदी तीच. मोठ्यानं हाक मारली, "आई!" आई घरी, मी दुकानात. झेरॉक्सवाला दचकला.

२५ फेब्रुवारी

प्रकाशभाऊंना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजपासून बरोबर निघतील ना? मग झालं तर. मागचं उकरू नकोस."

"भाऊ, मागच्यांची लग्नं मोडली असतील."

"आणि जमली पण असतील. ती मोडायची का आता?"

मी म्हटलं, निदान पाटी लावू, जळगाव-धुळ्याकडच्यांनी पत्रिका पुन्हा काढून घ्याव्या, फुकट. ते म्हणाले, "आणि लोक काय म्हणतील माहितीये? पोरीला स्वतःला मंगळ निघाला, म्हणून मशीन फिरवलं."

हे मला सुचलंच नव्हतं. रात्रभर तेच.

२८ फेब्रुवारी

पाटी लावली. भाऊंनी काढली. मी पुन्हा लावली. ती राहिली. आज एक जण आला, पाटी वाचली, म्हणाला, "ताई, आमची जुनीच बरी आहे, साखरपुडा झालाय. नवीत काही भलतं निघायला नको." आणि पत्रिका छातीशी धरून गेला. माझं एवढं डोकं फुटलं, ते ह्याच्यासाठी?

३ मार्च

अनिलला फोन केला. मीच. ०७५ चं ६१ निघालं म्हणताच ओरडला, "शून्य! ऑक्टल!" हसत सुटला. मग म्हणाला, "म्हणजे तुला मंगळ नाही." नाही. "येतो. रविवारी येतो, आईला कागद दाखवायला हवा."

एवढा आनंद झाला, की फोनचे पैसे द्यायचे विसरले. आपलंच बूथ, पण भाऊ सोडत नाहीत.

६ मार्च

आला. मशीनसमोर बसला, ओळीमागून ओळ प्रोग्रॅम वाचला. "सुंदर लिहिलंय" म्हणाला. माझ्या प्रोग्रॅमला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. माझी पत्रिका बघितली, मान डोलावली. मग म्हणाला, आता आलोच आहे तर माझी पण काढ, जन्म धुळ्याचाच. मी काढली. सहज. दोघंही हसतच होतो.

जुनीत त्याचा मंगळ नवव्यात. नव्यात आठव्यात.

आठव्यातला मंगळ. त्याला मंगळ आहे.

प्रिंटर थांबला. त्यानं कागद फाडला नाही, नुसता वाकून वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझी आईकडे आहेच, जुनी. तू तुझी तेवढी नवी दे."

"आणि ही?"

"ही कशाला? मी म्हणत नाही हो ह्या गोष्टी खऱ्या. पण आईला कशाला त्रास."

मला मंगळ होता तेव्हाही आईलाच त्रास होत होता. तेव्हा ह्याचा फोन नव्हता महिनाभर. ह्याला मंगळ लागून घटका झाली नाही, तोवर कागद दडवायला निघाला. हे मी त्याला म्हटलं. असंच, ह्याच शब्दांत. तो लाल झाला. म्हणाला, "मी फोन करणार होतो." करणार होतास म्हणजे केला नाहीस. गेला. चहा तसाच.

९ मार्च

दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये. छापील गणपतीच्या कव्हरमध्ये घालून ठेवलेत, त्याचा वेगळा, माझा वेगळा.

माझा नवा नि त्याचा जुना दिला तर दोघंही कोरे. लग्न उद्या ठरेल. माझा मशीनचा जुना, चुकलेला, नि त्याचा नवा, तर दोघांनाही मंगळ, तेही चालतं, मंगळाला मंगळ. दोन्ही खरे दिले तर मोडेल. खरं तेवढं सोडून सगळं जुळतं.

आणि मला तो अजून आवडतो, हा त्रास वेगळाच.

१४ मार्च

आईला सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता ऐकलं. म्हणाली, "त्याचा कागद द्यायचा की नाही, ते तू कशाला ठरवतेस? कागद कुणाचा आहे?" मग म्हणाली, "आणि तो तसा वाईट नाही हं. घाबरलाय." मी म्हटलं, मी घाबरले होते तेव्हा मी दडवला नाही. ती म्हणाली, "आपण हाताची धाडली होती, विसरलीस?"

आई कधीकधी फार त्रास देते.

१९ मार्च

अनिलचा फोन. "तू म्हणालीस ते बरोबर होतं." एवढंच, आणि मागे शाळेची घंटा. मी विचारलं, आईला सांगितलंस? "सांगतो." कधी? "आज." बरं.

बोलणं चांगलं वाटलं. आवाज खरा वाटला. पण सीसुद्धा दिसायला खरीच असते.

२२ मार्च

आज पुन्हा धुळ्याचा फोन. अनिल म्हणाला, "आई शेजारीच बसलीय, बोल तिच्याशी," आणि रिसीव्हर दिला.

अक्का: "पोरी, अनिल म्हनस, वंदना ले दोन्ही पत्रिका लई येवाले सांग. तुन्ही नवी शे ती समजनं. अनिलनी तं माल्हेकडे शे ना. मंग दुसरी काबर?"

म्हणजे दोन्ही घेऊन यायला सांगितलं, पण दुसरी कशाला ते आईला सांगितलं नाही. माझ्यावर टाकलं. किंवा माझ्यासमोर सांगायचंय त्याला, तसंही असेल. मी काय समजू?

मी म्हटलं, "अक्का, येऊनच सांगते." त्या म्हणाल्या, "ये ये, आखाजीना पहिले ठरी जाऊ दे बठ्ठं." अक्षय्य तृतीयेच्या आत ठरवायचंय त्यांना. किती मायेनं म्हणाल्या.

२३ मार्च

उद्या सकाळच्या बसनं मी नि आई. तो धुळ्याच्या स्टँडवर घ्यायला येतो म्हणालाय. येईल असं वाटतं. धरून चालत नाही.

आईनं विचारलं, अक्कांना कसं सांगणार? मी काहीच सांगणार नाही. माझा कागद मी वाचून दाखवणार, सहाव्या घरापर्यंत. मग त्याचं कव्हर त्याच्या हातात देणार, अक्कांच्या समोर, आणि म्हणणार, आता तू वाच.